रेक्झिनखालचं शिसव

मला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ त्यातच आहे. वीस-बावीस वर्षं मी जुन्या गाड्यांचे लाकडी डॅशबोर्ड करतो आहे. माझ्या हातचं लाकूड ल्यालेल्या गाड्या ठाण्यात फिरतात, पुण्यात फिरतात, एक तर थेट गोव्याला गेली. पण स्टिअरिंग धरून मी आजवर आमच्या गल्लीचं टोकसुद्धा गाठलेलं नाही. डोंबिवलीला एमआयडीसीत माझी शेड आहे, घरापासून चालत दहा मिनिटं. गाडी शिकायची कधी गरज पडली नाही, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते.

आमचं घराणं देव्हाऱ्यांचं. वडील राजापूरकडून आले आणि डोंबिवलीत ज्याला ज्याला नवी खोली मिळाली त्याला देव्हारा करून देऊ लागले. त्यांचा एक दंडक होता. पॉलिशचा शेवटचा हात वाळला की ते देव्हाऱ्यात निरांजन लावून ठेवायचे आणि मागच्या फळीत ज्योत कशी दिसते ते बघायचे. ज्योत लख्ख दिसली तर देव्हारा गिऱ्हाइकाकडे जायचा. धूसर दिसली तर पुन्हा पॉलिश पेपर हातात. मी ती ज्योत बघत बघतच या धंद्यात मोठा झालो.

गाड्यांकडे मला वळवलं ते माजिवड्याच्या म्हात्रेंनी. त्यांचं जुन्या गाड्यांचं गॅरेज. एका गाडीचा डॅशबोर्ड वाळवीने खाल्लेला, तो घेऊन ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, "अहो, मी देवांची घरं करतो, मला यातलं काय कळतंय?" तर म्हणाले, "देव बसवतोस ना? मंग मीटर पन बसव." त्यांच्या या एका वाक्यावर माझं पुढचं आयुष्य गेलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फळी कापली, मीटरची भोकं पाडली, झाला डॅशबोर्ड. तसं असतं तर मी कधीच बंगला बांधला असता. मे महिन्यात काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी म्हणजे भट्टी असते, आणि जुलैत तीच गाडी ओल्या पंच्यासारखी दमट. त्यात अख्खी फळी लावली तर ती वर्षभरात भाजलेल्या पापडासारखी वळते. म्हणून आत चांगल्या प्लायवूडचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर शिसवाचा किंवा सागाचा पातळ काप चिकटवायचा. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेले दोन काप घ्यायचे आणि वहीचं पान उघडावं तसे डावीउजवीकडे उघडून लावायचे. मग लाकडाच्या रेषा मधल्या शिवणीपासून दोन्ही बाजूंना सारख्या पसरतात. हे जमलं की आपलीच आपल्याला दृष्ट लागेल असं वाटतं. आणि सगळ्यात शेवटी पॉलिश. डॅशबोर्डलाही मी वडिलांचीच परीक्षा लावायचो. टेबलावर डॅशबोर्ड उभा करायचा, समोर निरांजन ठेवायचं, आणि ज्योत बघायची.

हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाची मागणी एकच असते. दिसायला जुनं पाहिजे, चालायला नवं पाहिजे. टचस्क्रीन हवा, मागचा कॅमेरा हवा, फोन नुसता ठेवला की चार्ज झाला पाहिजे, एसी तर हवाच. आणि हे सगळं आजोबांच्या काळातल्या गाडीत. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधल्या साहेबांनी मला विचारलं होतं, "काका, मीटरच्या मधे गणपतीसाठी छोटा देव्हारा करता येईल का, लाईटवाला?" मी करून दिला. माझं तर दोन्ही धंद्यांत नाव झालं.

पण आज सांगायचं आहे ते प्रधान बाईंच्या गाडीबद्दल.

बाई नौपाड्यातल्या. एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, वय सत्तरच्या थोडं पुढे. सगळा नौपाडा त्यांना बाई म्हणतो, म्हणून मीही म्हणू लागलो. गाडी त्यांच्या वडिलांची. तिचं नाव सांगत नाही, ठाण्यात तशी एकच आहे, लगेच ओळखाल. बाई कॉलेजात असताना याच गाडीवर शिकल्या. पुढे लग्न, नोकरी, मुलगा, आणि गाडी इतकी वर्षं ताडपत्रीखाली. यजमान गेल्यावर एक दिवस त्यांनी स्वतःच ताडपत्री काढली आणि म्हात्रेंना फोन केला. इंजिन म्हात्रेंनी उभं केलं. लाकूड माझ्याकडे आलं.

पहिल्याच भेटीत बाई मला म्हणाल्या, "मेस्त्री, एक लक्षात ठेवा. ही गाडी मला चालवायची आहे, मिरवायची नाही."

मी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं यात फरक असतो.

त्यांचा मुलगा निखिल, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. स्वभावाने चांगला, पण आईची काळजी इतकी की आईला श्वास घ्यायला जागा नाही. आईने या वयात गाडी चालवणं त्याला मुळातच पसंत नव्हतं. "स्क्रीन लावा, कॅमेरा लावा, जे काय सेफ्टीचं असेल ते सगळं लावा काका," एवढंच तो म्हणाला.

मी जीव ओतला. स्क्रीन उघडा दिसू नये म्हणून देव्हाऱ्याला असतात तशी दोन चिमुकली दारं केली. मिटली की नुसतं शिसव, उघडली की आत नकाशा. फोनसाठी खोलगट खाच, एसीच्या झरोक्यांना लाकडी जाळ्या. आता खरी गोष्ट. त्या गाडीत डॅशबोर्डच्या वर, काचेच्या पायथ्याशी एक रुंद सपाट पट्टी होती, काळं रेक्झिन लावलेली. बाई म्हणाल्या, "ती तशीच राहू दे. ऊन फार येतं हो तिथे."

मला वाटलं, बाईंना रंग उडायची भीती वाटते आहे. मी म्हटलं, "उन्हाची काळजी मला सांगू नका बाई. असं पॉलिश देतो की वीस वर्षं रंग हलणार नाही. एवढं सुंदर शिसव समोर असताना वर रेक्झिन म्हणजे पैठणीवर गोधडी!"

बाई हसल्या. "बरं बाबा, तुमचं काम तुम्हाला ठाऊक."

तर ती पट्टीही मी शिसवाची केली. कापांची जोडी तर अशी मिळाली की तसली पुन्हा मिळणार नाही. मधल्या शिवणीपासून रेषा मोराच्या पिसाऱ्यासारख्या दोन्हीकडे फुललेल्या. पॉलिशचे किती हात दिले ते मोजले नाहीत. निरांजन ठेवलं तर ज्योतीच्या टोकाची निळी कडासुद्धा फळीत दिसत होती. वडील असते तर काही बोलले नसते, नुसते उठून गेले असते. ती त्यांची शाबासकी होती. श्रावणात गाडी बाईंच्या ताब्यात दिली. आभाळ भरलेलं होतं, आणि त्या मंद उजेडात ते शिसव असं काही दिसत होतं की रस्त्यावरची माणसं थांबून आत डोकावत होती. म्हात्रेंनी फोटो काढून सगळीकडे पाठवले. मला आठवड्यात दोन फोन आले, दोघांनाही अगदी तशीच वरची पट्टी हवी होती.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी निखिल गाडी घेऊन शेडवर आला. स्वतः चालवत. डॅशबोर्डचा डावा कोपरा तडकला होता.

"काय झालं रे?"

"आईने ठोकली. घोडबंदरवर, भरदुपारी. मेट्रोच्या कामाचे ते पत्रे लावलेत ना, त्यांना घासली. समोर एक बाईकवाला होता, बायको आणि पोर मागे. वीतभर अंतरावर थांबली गाडी, काका. वीतभर! ती म्हणते, मला दिसलाच नाही."

"बाईंना लागलं का?"

"नाही. कुणालाच काही नाही झालं. पण आता बास. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं ना मागच्या वर्षी. डॉक्टर म्हणतात डोळा ठीक आहे, पण वय झालं की असं होतं. तिने स्वतःच चावी आणून दिली माझ्या हातात. मीही ठेवून घेतली." त्याने तडकलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "तुम्ही कोपरा नीट करून द्या. पुढच्या रविवारी बघायला गिऱ्हाईक येतंय. विकून टाकतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामाला बसलो. मी नेहमी डावीकडून काम करतो. डावं दार उघडायचं, पाय बाहेर आणि अंग आत. उजव्या सीटवर, स्टिअरिंगमागे, मी कधीच बसत नाही. एवढ्या वर्षांत नाही बसलो. देव्हारा आपण समोरून बघतो, डॅशबोर्डही मी तसाच टेबलावर उभा करून समोरून बघत आलो. त्या दिवशी मात्र कोपऱ्याचा तडा मधल्या शिवणीपर्यंत गेला आहे का ते नीट दिसेना, म्हणून उजव्या बाजूने आत शिरलो आणि सीटवर टेकलो. गाडी शेडच्या दारात उभी होती, तोंड दक्षिणेला. थंडीतलं ऊन समोरून काचेवर उतरत होतं.

मी मान वर केली आणि मला रस्ता दिसेना.

काचेवर एक पांढुरका पडदा पसरला होता. त्या पडद्यात शिसवाच्या रेषा तरंगत होत्या, माझ्या हाताने जुळवलेल्या, रेघ न् रेघ मोजावी अशा. माझ्या लाडक्या पट्टीवर पडलेलं ऊन उसळून काचेत शिरलं होतं आणि पलीकडचं सगळं पुसून टाकत होतं. शेडसमोरून एक माणूस सायकल हातात धरून गेला. तो खांबापाशी पोचला तेव्हा मला दिसला.

मी भिंतीवरची जुनी काळी छत्री आणली, तिचं कापड काढून पट्टीवर अंथरलं. पडदा गेला. रस्ता, खांब, समोरच्या कारखान्याचं फाटक, सगळं धुतल्यासारखं स्वच्छ. कापड काढलं, पुन्हा पडदा. मी किती वेळा ते घातलं आणि काढलं, देव जाणे. बाईंचे डोळे शाबूत होते. वडिलांच्या ज्योतीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेली माझी फळी त्यांना आंधळं करत होती.

आता हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी दोन दिवस गप्प बसलो. म्हात्रेंना तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "गप ऱ्हा ना मेस्त्री. कोनाला कललंय? तुझ्या पट्टीवर दोन गिऱ्हाइकं डोला लावून बसलीत. बाईचं वय झालंय, ती आज नाय तर उद्या गाडी सोडनारच व्हती." म्हात्रे वाईट माणूस नाही. माझ्याच मनातलं ते मोठ्याने बोलले, म्हणून मला ते जास्त झोंबलं.

तिसऱ्या दिवशी कोपरा बसवताना डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करावा लागला. आत डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली, दोन नवे चष्मे आणि एक काळा गॉगल होता. चष्म्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, बाईंच्या सुरेख शिक्षकी अक्षरात. एकीवर 'दुपारी उपयोग नाही'. दुसरीवर 'दुपारी उपयोग नाही'. म्हणजे बाई कित्येक दिवस एकट्याच स्वतःच्या डोळ्यांवर प्रयोग करत होत्या आणि दर वेळी दोष स्वतःच्या पदरात घेत होत्या. मी अवजारं खाली ठेवली, हात धुतले आणि नौपाड्याला गेलो.

दोघेही घरीच होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. निखिलचा विश्वास बसेना. "काका, आईला बरं वाटावं म्हणून सांगताय ना?"

बाई मात्र माझ्याकडे एकटक बघत होत्या. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तशा.

"तुम्हाला हे कधी कळलं, मेस्त्री?"

"परवा."

"आणि आज सांगताय?"

"हो बाई."

त्यांनी माझ्यावरची नजर काढून घेतली. एवढी शिक्षा पुरेशी होती, पण त्यांच्या मते नव्हती, ते पुढे कळलं.

रविवारी सकाळी यायचं गिऱ्हाईक निखिलने नाइलाजाने संध्याकाळवर ढकललं आणि दुपारी आईला घेऊन तो शेडवर आला. मी त्याला स्टिअरिंगमागे बसवलं आणि समोर रस्त्यावर स्वतः जाऊन उभा राहिलो. छत्रीचं कापड बाईंच्या हातात होतं. त्यांनी कापड अंथरलं. "मेस्त्री दिसतात?" "दिसतात." कापड काढलं. "आता?" निखिलने डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाला, "शर्ट कुठला घातलाय ते नाही कळत." बाईंनी पुन्हा कापड अंथरलं, पुन्हा काढलं. तीस वर्षं मुलांकडून प्रयोग करून घेतलेल्या हाताला एकदाच बघून समाधान होत नाही. शेवटी निखिल गाडीतून उतरला आणि आईसमोर उभा राहिला. "आई, सॉरी."

"तुझं काय चुकलं?" बाई म्हणाल्या. "परावर्तन मी शिकवलं. आपाती किरण, परावर्तित किरण, फळ्यावर आकृत्या काढून काढून हात दुखायचा. आणि स्वतःच्या नाकासमोर आरसा ठेवलाय हे मला कळू नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मला वाटलं, संपलं आता. खरंच वाटलं रे."

निखिलने तिथूनच फोन करून गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगितलं. चावी मात्र त्याच्याच खिशात राहिली. "आधी काम होऊ दे," तो म्हणाला.

काम काय होतं? पट्टीवरचं पॉलिश खरवडायचं. ते मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पेपर घासायला लागलो तर मोराचा पिसारा डोळ्यांदेखत राखाडी झाला. मंद पॉलिश मारून बघितलं, पडदा पातळ झाला पण गेला नाही. मग रंग लावून बघितला. सीटवर बसून, भरदुपारी, प्रत्येक वेळी. शेवटी जे बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच केलं. काळं, खरखरीत, अजिबात न चमकणारं रेक्झिन आणलं आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात देखण्या शिसवावर ताणून बसवलं. शिसव काढून प्लायवूड लावता आलं असतं. नाही काढलं. खाली ते आहे हे मला माहीत आहे, बाईंना माहीत आहे, बास. समोरचा डॅशबोर्ड, ती चिमुकली दारं, त्यांचं पॉलिश तसंच लख्ख ठेवलं, कारण त्यांच्यावरून ऊन काचेत जात नाही.

त्या दोन फोनवाल्या गिऱ्हाइकांनाही सांगितलं, वरची पट्टी मी शिसवाची करत नाही. एक चिडून दुसरीकडे गेला. जाऊ दे. आता गाडी द्यायच्या आधी मी दुपारी तासभर स्टिअरिंगमागे बसून राहतो. शेजारचे कारखानेवाले हसतात, "मेस्त्री, चालवायला शिका की आता!" निरांजन अजून लावतो, पण आधी गाडीत, काचेच्या पायथ्याशी, आणि ज्योत वरच्या पट्टीत दिसता कामा नये. वडिलांना हे पटलं असतं की नाही, सांगता येत नाही.

गाडी तयार झाल्याचं कळवलं तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमची दोन दिवसांची शिक्षा बाकी आहे. माझ्याबरोबर घोडबंदरला यायचं. पुढच्या सीटवर."

ऊन मुद्दाम बाराचं निवडलं होतं. निखिलने चावी बाईंना दिली ती जपून, चमच्यातून लिंबू न्यावं तशी, आणि स्वतः मागे बसला. मी पुढे. पट्टा लावला तरी दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली होती. माझ्या हातची इतकी लाकडं या रस्त्यांवर फिरली, पण चालत्या गाडीत माझा डॅशबोर्ड मी पहिल्यांदाच बघत होतो. बाई सावकाश नाही, बेतशीर चालवत होत्या. रिक्षावाला मधे घुसला तर हॉर्न न वाजवता नुसतं त्याच्याकडे बघायच्या, आणि तो बाजूला व्हायचा. परत फिरलो, तोंड ठाण्याकडे, ऊन समोर. ते पत्रे आले, त्यावरचा बाईंच्या गाडीचा ओरखडा अजून तसाच होता. मागून निखिल माझ्या सीटची पाठ धरून पुढे वाकला.

"मेस्त्री," बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "काचेत काय दिसतंय?"

"रस्ता, बाई. पत्रे. पुढे एक टेम्पो. पिवळ्या साडीतली बाई रस्ता ओलांडतेय."

"तीही मला दिसतेय," म्हणून त्यांनी गाडी थांबवली आणि तिला जाऊ दिलं. "आणि तुमचं काम? ते दिसतंय का कुठे काचेत?"

मी नीट बघितलं. डावीकडून बघितलं, वाकून बघितलं.

"नाही बाई. कुठेच नाही."

"मग आता पैकीच्या पैकी," त्या म्हणाल्या आणि गिअर टाकला.